मेंदूला वीज किती द्यायची?

बारामतीत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले २०१९ साली. त्याआधी भीमा आणि नीरा या दोन नद्यांमधल्या पट्ट्यात, बारामती-इंदापूरच्या एखाद्या घरात कुणी खाणेपिणे सोडून भिंतीकडे तोंड करून बसले किंवा कुणाला कानात नसलेले आवाज ऐकू येऊ लागले, तर पुढची वाट बहुतेक ठरलेली असे. आधी देवऋषी, अंगारा, दोरा. मग एखाद्या देवस्थानाची किंवा दर्ग्याची खेप. पैसा आणि धीर दोन्ही संपत आले की पुणे. पुणे म्हणजे ससून, आणि ससूनच्याही पुढे येरवडा. १९०७ सालापासूनचे, २,५४० खाटांचे तिथले मनोरुग्णालय राज्यातल्या सर्वांत मोठ्या मनोरुग्णालयांपैकी एक. मध्यवर्ती कारागृहही त्याच येरवड्यात. त्यामुळे गावाकडे येरवड्याचे नाव निघाले की बंद दरवाजा डोळ्यांपुढे येई, आणि दरवाजाआड काय करतात याचे उत्तर एका शब्दात मिळे: शॉक देतात. या शॉकबद्दल आपल्याकडे भीती पुष्कळ आहे, माहिती फार थोडी. वीज कुणाला द्यायची, डोक्यावर कुठे द्यायची आणि किती द्यायची, हे ठरवण्यासाठी डॉक्टर नव्वद वर्षे शरीरात एखादी भरवशाची खूण शोधत आहेत. आज त्या खुणेला बायोमार्कर म्हणतात आणि मेंदूच्या स्कॅनवरून, मेंदूच्या लहरींवरून उपचार बेतण्याची भाषा सुरू झाली आहे. या शोधाची हकीकत क्रमाने पाहिली तर एक गोष्ट ठळक दिसते. रोग कशाने होतो याच्या सिद्धांतातून काढलेल्या खुणा बहुतेक फसल्या; उपचार दिल्यावर शरीर काय करते ते पाहून धरलेल्या साध्या खुणा टिकल्या आणि रुग्णांच्या उपयोगी पडल्या. बारामतीसारख्या ठिकाणी पुढे काय मागायचे, हे या फरकावर अवलंबून आहे असे माझे म्हणणे आहे.

सुरुवात उपचारांच्या दुष्काळापासून करावी लागते. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत जगभर मनोरुग्णालये भरत चालली होती आणि डॉक्टरांच्या हाती जवळजवळ काहीच नव्हते. आपल्याकडे १९१२ च्या कायद्याने रुग्णाला आत टाकण्याची रीत बारकाईने लिहिली, बरे करण्याची नाही. १९४६ साली भोर समितीने देशाच्या आरोग्याचा आढावा घेतला, तेव्हा मानसिक रुग्णांसाठी सुमारे चाळीस हजार लोकांमागे एक खाट होती; इंग्लंडात तीनशे लोकांमागे एक. आपली बहुतेक रुग्णालये बरे करण्यासाठी नव्हे, कोंडून ठेवण्यासाठी बांधली आहेत, अशी नोंद त्याच पाहणीत झाली. अशा हतबलतेत माणसे टोकाचे प्रयोग करतात. व्हिएन्नाच्या वाग्नर-याउरेग यांनी मेंदूपर्यंत पोचलेल्या सिफिलिसवर मलेरियाचा ताप वापरला आणि १९२७ चे नोबेल मिळवले. पोर्तुगालच्या मोनीझ यांनी मेंदूच्या पुढच्या भागातले तंतू तोडले. त्यांना १९४९ चे नोबेल मिळाले आणि हजारो रुग्णांचे व्यक्तिमत्त्व कायमचे पांगळे झाले.

आकडी आणून उपचार करण्याची कल्पना याच काळात बुडापेस्टच्या लादिस्लास मेदुना यांनी मांडली, आणि ती एका जैविक खुणेवर उभी होती. मेंदूतल्या चेतापेशींना आधार देणाऱ्या ग्लिया पेशी ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूत त्या वाढलेल्या आणि स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या मेंदूत कमी पडलेल्या आहेत असे त्यांना दिसले. यावरून त्यांनी ठरवले की हे दोन रोग एकमेकांचे वैरी असणार. एक आणला तर दुसरा पळेल. जानेवारी १९३४ मध्ये त्यांनी तेलातला कापूर टोचून पहिल्या रुग्णाला आकडी आणली, पुढे कार्डियाझोल हे औषध वापरले. इंजेक्शन आणि आकडी यांच्या मधल्या क्षणांत रुग्णाला मरणभय वाटे. एकदा अनुभवलेला रुग्ण दुसऱ्या सुईला नकार देई. तरीही महिनोन्महिने पुतळ्यासारखे बसलेले काही रुग्ण उठून बोलू लागले. पुढे कळले की वैराचा सिद्धांत चुकीचा होता: अपस्मार आणि मनोविकार एकाच माणसात सुखेनैव नांदतात. खूण खोटी निघाली, उपचार मात्र राहिला. पुढच्या सगळ्या इतिहासात हे पुन्हा पुन्हा घडले आहे.

सुईऐवजी वीज वापरण्याचे श्रेय रोमच्या ऊगो चेर्लेत्ती आणि लुचो बिनी यांचे. कुत्र्यांवरच्या आधीच्या प्रयोगांत एक टोक तोंडात आणि दुसरे गुदद्वारात ठेवत; वीज हृदयातून जाई आणि निम्मी कुत्री मरत. चूक कुठे आहे हे त्यांच्या लक्षात आले आणि दोन्ही टोके कानशिलांवर आली. रोमच्या कत्तलखान्यात डुकरांना कापण्याआधी विजेने बेशुद्ध करत. चेर्लेत्ती ते पाहायला गेले, तेव्हा त्यांना दिसले की नुसत्या विजेने डुकरे मरत नाहीत, आकडी येऊन पडतात आणि सोडून दिले तर उठतात. एप्रिल १९३८ मध्ये रोमच्या रेल्वे स्थानकावर भरकटलेला, अर्थहीन बडबड करणारा एक माणूस पोलिसांनी त्यांच्या दवाखान्यात आणला. पहिल्या झटक्याला विजेचा दाब कमी पडला, आकडी आली नाही. दाब वाढवून दुसरा दिला, तेव्हा आली. किती वीज द्यायची याचे माप त्या दिवशी एवढेच होते: माणूस आकडीने ताठ होईपर्यंत. माप ओबडधोबड होते, पण ते कुठल्या सिद्धांतातून आलेले नव्हते. समोरच्या शरीराने दिलेले उत्तर होते. म्हणूनच ते टिकले.

दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत हे यंत्र जगभर पसरले आणि १९४० च्या दशकात भारतातही आले. यंत्र स्वस्त, आणि गुण काही आठवड्यांत दिसे. विशेषतः खाणेपिणे सोडलेल्या, जीव द्यायला निघालेल्या नैराश्याच्या रुग्णाला आणि कॅटाटोनियात थिजलेल्या रुग्णाला ते अक्षरशः वाचवी, आजही वाचवते. घोटाळा झाला तो देण्याच्या पद्धतीत. आकडीत स्नायू इतक्या जोराने आवळतात की पाठीचे मणके पिचतात. यावरचा उपाय लवकरच सापडला होता. १९४० मध्ये क्युरारे वापरले गेले आणि १९५० च्या दशकाच्या आरंभी सक्सिनिलकोलिन आले. आधी भूल, मग स्नायू सैल करणारे हे इंजेक्शन. मेंदूत आकडी येते, अंग जेमतेम थरथरते. पण त्यासाठी भूलतज्ज्ञ लागतो, आणि भूलतज्ज्ञ शस्त्रक्रियांनाच पुरेना. म्हणून आपल्याकडच्या अनेक रुग्णालयांत भुलीविना शॉक दशकानुदशके चालू राहिला. शॉकला डॉक्टर ईसीटी म्हणतात आणि भुलीविना दिलेल्याला डायरेक्ट ईसीटी. वेल्लूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी १९९३ मध्ये आपला अकरा वर्षांचा अनुभव प्रसिद्ध केला. मणके पिचलेले रुग्ण थोडे होते, पण होते. ज्या चार-पाच जणांनी एका रुग्णाला धरून ठेवले आणि ज्या रुग्णांनी रांगेत बसून ते पाहिले, त्यांच्या मनावर काय उमटले याचा आकडा कुणी काढला नाही. १९६७ च्या 'ज्वेल थीफ' या चित्रपटात नायकाची ओळख पुसायला शॉक देतात. गावोगावच्या टुरिंग टॉकीजमधून ते दृश्य पोचले आणि लोकांच्या मनातला शॉक तिथेच पक्का झाला.

दरम्यान औषधे आली. १९५२ मध्ये पॅरिसला क्लोरप्रोमाझिनचा गुण दिसला. आपल्याकडच्या सर्पगंधेवर मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबासंबंधीचा शोधनिबंध लिहिला होता, त्या वनस्पतीतले रेसर्पिनही मनोविकारांवर वापरले गेले. शॉक मागे पडू लागला, आणि नेमक्या याच काळात त्याच्या मात्रेचा गंभीर विचार सुरू झाला. १९६० मध्ये स्वीडनच्या यान-ओट्टो ऑटोसन यांनी काही रुग्णांना आकडी आवरती घेणारे औषध आधी दिले. वीज तीच, आकडी छोटी, आणि गुणही कमी. याउलट वीज गरजेपेक्षा जास्त दिली तर विसराळूपणा वाढे, गुण त्या प्रमाणात वाढत नसे. म्हणजे बरे करते ती आकडी, आणि स्मृतीला इजा करते ती जादा वीज. प्रश्न सुटल्यासारखा वाटला. पण न्यूयॉर्कच्या हॅरॉल्ड सॅकाइम यांनी १९८७ मध्ये दाखवले की डोक्याच्या एका बाजूला जेमतेम आकडी येण्याइतकीच वीज दिली, तर आकडी व्यवस्थित येऊनही गुण फारसा येत नाही. प्रत्येकाचा आकडीचा उंबरठा निराळा असतो, वयानुसार वाढतो, पुरुषांत जास्त असतो, आणि दोन माणसांत कित्येक पटींचा फरक पडू शकतो. तेव्हा आधी त्या माणसाचा उंबरठा शोधा आणि त्याच्या किती पट वीज द्यायची ते ठरवा, अशी रीत बसली. सरसकट एक मात्रा गेली, माणसागणिक मात्रा आली. वैयक्तिक उपचाराचे आज जे कौतुक चालले आहे, त्याची ही पहिली खरी पायरी.

या रीतीतली एक युक्ती जवळून पाहण्याजोगी आहे. स्नायू सैल करणारे इंजेक्शन देण्याआधी रुग्णाच्या एका दंडाला किंवा पोटरीला रक्तदाब मोजायचा पट्टा बांधतात आणि तो पूर्ण फुगवतात. रक्त थांबल्यामुळे औषध त्या पट्ट्याखाली पोचत नाही. मग वीज दिली की सारे अंग निश्चल असते, फक्त तो एक हात किंवा पाय आकडीच्या लयीत उडत राहतो. डॉक्टर घड्याळ लावून सेकंद मोजतात. आकडी आली का, किती वेळ टिकली, हे त्या एका हातावरून समजते. खर्च शून्य; पट्टा प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असतो. पंचतारांकित प्रयोगशाळांतल्या खुणांइतकाच हाही बायोमार्कर आहे, आणि त्याने आजवर जितक्या रुग्णांची मात्रा ठरवली तितक्यांची कुठल्याही स्कॅनने ठरवलेली नाही.

मेंदूच्या लहरींचा आलेख जर्मनीतल्या येना गावच्या हान्स बर्गर यांनी १९२९ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केला. ते स्वतः मनोविकारतज्ज्ञ होते, आणि मनाची ऊर्जा मोजता यावी ही त्यांची आस होती. ती फळली नाही, पण त्यांचा हा आलेख, म्हणजे ईईजी, शॉकच्या खोलीत मात्र उपयोगी ठरला, आणि त्यात भारताचा वाटा मोठा आहे. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये डॉ. बी. एन. गंगाधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये ईसीटीची औषधाशी नियंत्रित तुलना केली होती. १९९९ मध्ये त्यांनी दाखवले की पहिल्याच उपचारानंतर, आकडी संपल्यावर मेंदूच्या लहरी किती मंदावतात हे गणिताने मोजले, तर दोन आठवड्यांनी नैराश्य किती उतरेल याचा अंदाज बांधता येतो. आकडीच्या वेळी नाडी आणि रक्तदाब किती चढतात, हेही त्यांच्या गटाने तपासले. जैविक खुणेवरून मेंदूचे उद्दीपन बेतण्याचे हे काम अमेरिकेतल्या आजच्या गाजावाजाच्या कितीतरी आधी आपल्याच देशात, आपल्याच रुग्णांवर, गर्दीच्या सरकारी संस्थेत झाले. आपल्या वैद्यकीय लेखनात त्याचा उल्लेख इतका क्वचित यावा याचे मला वाईट वाटते.

याच वर्षांत दुसऱ्या प्रकारच्या खुणांचे काय झाले? अमेरिकेत बर्नार्ड कॅरल यांनी १९८१ मध्ये खोल नैराश्य ओळखण्याची रक्ततपासणी पुढे आणली: रात्री डेक्सामेथासोनची गोळी द्यायची आणि दुसऱ्या दिवशी कॉर्टिसॉल दबले का ते पाहायचे. मनोविकाराला अखेर प्रयोगशाळेची चाचणी मिळाली असा हर्ष झाला. काही वर्षांतच कळले की दारूच्या व्यसनात, स्मृतिभ्रंशात, नुसते वजन घटले तरी चाचणी तेच उत्तर देते. ती बाजूला पडली. २०१७ मध्ये हजाराहून अधिक लोकांचे मेंदूचे स्कॅन संगणकाला खाऊ घालून नैराश्याचे चार जैविक प्रकार काढले गेले आणि कुणाला चुंबकीय उपचाराचा (त्याबद्दल पुढे) गुण येईल हे त्यावरून सांगता येते असा दावा झाला. दोन वर्षांनी नेदरलँड्समधल्या गटाने तीच पद्धत आपल्या रुग्णांवर लावली. ते प्रकार टिकले नाहीत. इंदापूर तालुक्याने अशाच एका अतिसूक्ष्म मापाचा फटका जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी खाल्ला आहे. माल्थसचा विद्यार्थी असलेल्या प्रिंगल या अधिकाऱ्याने १८३० च्या सुमारास शेताशेताचे उत्पन्न आणि खर्च वजा जाता उरणारा निव्वळ नफा काढून त्यावर सारा बसवला. कागदावर सिद्धांत निर्दोष होता, पण खालून येणारे आकडे तपासण्याची सोय नव्हती. सारा झेपेना, शेतकरी जमिनी टाकून निघून गेले. १८३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी त्याच इंदापुरात निव्वळ नफ्याचा हिशेब सोडून दिला, खणून पाहता येईल अशी मातीची खोली आणि पोत धरला, आण्यांत नऊ प्रती लावल्या, आणि ओसाड जमिनी पुन्हा वहितीखाली आल्या. जे माप जागेवर पडताळता येते त्यालाच माणसांचे नशीब बांधावे, एवढा धडा मेंदूच्या बाबतीतही लागू पडतो.

१९८५ मध्ये इंग्लंडातल्या शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी डोक्यावर तारेचे वेटोळे धरून, चुंबकाच्या क्षणिक लाटेने, भुलीविना आणि वेदनेविना मेंदूत वीज खेळवून दाखवली. दहा वर्षांनी मार्क जॉर्ज यांनी नैराश्याच्या रुग्णांच्या मेंदूच्या डाव्या पुढच्या भागावर ती रोज दिली, आणि २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने टीएमएस या नावाने त्या उपचाराला मान्यता दिली. इथेही मात्रा ठरवणारी खूण हातातच आहे. ते वेटोळे, म्हणजे कॉइल, डोक्यावर सरकवत सरकवत अशी जागा शोधतात की जिथे प्रत्येक लाटेला रुग्णाचा अंगठा आपोआप उडतो. अंगठा उडायला लागणारी किमान शक्ती हा त्या माणसाचा उंबरठा. उपचाराची ताकद त्याच्या पटीत. जागा मात्र सुरुवातीला फारच ढोबळपणे ठरवत: अंगठ्याच्या बिंदूपासून पट्टीने पाच सेंटिमीटर पुढे, डोके लहान असो की मोठे. २००१ मध्ये स्कॅन लावून पाहिले तेव्हा २२ जणांपैकी ७ जणांतच कॉइल हव्या त्या भागावर पडत होती. यावर दोन उत्तरे निघाली. एक साधे: शिवणकामाच्या टेपने नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, आणि डोक्याचा घेर अशी तीन मापे घ्यायची आणि गणिताने बिंदू काढायचा. दुसरे महागडे: प्रत्येकाचा एमआरआय काढून मेंदूच्या जोडण्या पाहायच्या.

दुसऱ्या उत्तरामागे हेलन मेबर्ग यांचे काम आहे. खोल दुःखात मेंदूच्या मध्यभागी, कपाळामागे, पंचवीस क्रमांकाचा एक भाग जास्त पेटलेला असतो आणि बरे वाटले की शांत होतो, असे त्यांना स्कॅनमध्ये दिसले. टोरांटोत सहा असाध्य रुग्णांच्या त्या भागात बारीक तारा बसवून सतत वीज दिली; निकाल २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनी चौघांना गुण होता. पण मोठी चाचणी घेतली तेव्हा खरी वीज आणि बंद यंत्र यांत सहा महिन्यांत फरक दिसला नाही, चाचणी मध्येच थांबवावी लागली, आणि हे निराशाजनक निकाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. तरी त्या भागाची खूण वाया गेली नाही. २०१२ मध्ये मायकेल फॉक्स यांनी दाखवले की कपाळाच्या पृष्ठभागावरचा जो बिंदू पंचवीस क्रमांकाच्या भागाशी उलट्या तालात चालतो, तिथे टीएमएस जास्त लागू पडते. स्टॅनफर्डच्या नोलन विल्यम्स यांच्या गटाने प्रत्येक रुग्णाचा तो बिंदू एमआरआयवर शोधून दिवसाला दहा याप्रमाणे पाच दिवसांत पन्नास सत्रे दिली. २९ जणांच्या चाचणीत खरा उपचार मिळालेल्यांपैकी ७९ टक्के लोक नैराश्यातून पुरते बाहेर आले, खोटा मिळालेल्यांपैकी १३ टक्के. २०२२ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. खुणेवर बेतलेल्या उद्दीपनाचा विजय म्हणून हेच आकडे सांगितले जातात.

पण या विजयात खुणेचा वाटा किती आणि दिवसाला दहा सत्रांचा किती, हे त्या चाचणीने सांगितलेले नाही. ब्रिटनमध्ये २५५ रुग्णांवर झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने हाच प्रश्न जवळून तपासला. दोन्ही गटांना एमआरआयच्या मदतीने कॉइल लावली. एका गटात बिंदू मेंदूच्या जोडण्यांवरून निवडला, दुसऱ्यात नेहमीच्या पद्धतीने. दोन्ही गट सुधारले, दोघांत फरक पडला नाही. यावर कुणी म्हणेल की म्हणजे बायोमार्कर हे थोतांड आहे. मी तसे म्हणणार नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉक्टरांनी एका रुग्णाच्या मेंदूत यंत्र बसवले आणि २०२१ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. भावनांशी संबंधित अमिग्डालात ठराविक लहरी उठल्या की ते यंत्र दुसऱ्या भागाला सहा सेकंद वीज देते आणि गप्प बसते. २०२३ मध्ये मेबर्ग आणि सहकाऱ्यांनी दहा रुग्णांच्या अभ्यासातून दाखवले की पंचवीस क्रमांकाच्या भागातल्या लहरींवरून सुधारणा चालू आहे की घसरण हे ओळखता येते. या खुणा मोलाच्या आहेत, आणि त्या कोणत्या जातीच्या आहेत ते पाहा: उपचार चालू असताना मेंदू काय उत्तर देतो, याच्या. दंडाला पट्टा बांधून हात पाहण्याचेच हे पुढचे रूप आहे. रोग मुळात काय आहे हे सांगण्याचा त्यांचा आव नाही.

आपल्या देशात हा प्रवास कायद्याच्या हातात हात घालून झाला. २००१ मध्ये तमिळनाडूतल्या एरवाडी दर्ग्याच्या आवारात साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून गेले. त्याच वर्षी दिल्लीच्या 'सार्थक' संस्थेने डायरेक्ट शॉकविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. पुण्यात भार्गवी दावर यांच्या बापू ट्रस्टने शॉक घेतलेल्या माणसांची बाजू नेटाने मांडली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणाऱ्या औषधाशिवाय ईसीटी देण्यास बंदी घातली, अल्पवयीनांसाठी मानसिक आरोग्य मंडळाची आगाऊ परवानगी सक्तीची केली, आणि मेंदूवरील शस्त्रक्रियेसाठी रुग्णाची संमती व मंडळाची मंजुरी दोन्ही बंधनकारक केल्या. या कायद्याखाली २०२३ मध्ये राज्य मंडळाची मंजुरी घेऊन मुंबईच्या जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांनी नैराश्याच्या एका परदेशी रुग्णावर मेंदूत तारा बसवण्याची शस्त्रक्रिया केली. काही मनोविकारतज्ज्ञांचा कायद्यावर आक्षेप होता: भूलतज्ज्ञ नसलेल्या तालुक्यात मरणाच्या दारात असलेल्या रुग्णाचे काय करायचे? आक्षेप प्रामाणिक होता. पण भूलतज्ज्ञ नाही म्हणून मणका पणाला लावायचा, हे उत्तर शहरातल्या श्रीमंत रुग्णासाठी कुणी सुचवले नसते. उत्तर भूलतज्ज्ञ आणण्याचे आहे, आणि वैद्यकीय महाविद्यालय गावात आले की ते शक्य होते.

आता बारामती-इंदापूरचा हिशेब मांडू. नेहमीच्या पद्धतीने टीएमएस म्हणजे आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे. इंदापूरपासून पुणे एकशे चाळीस किलोमीटरच्या आसपास. वीस ते तीस खेपा आणि सोबतीला घरचे एक माणूस. पाण्याची पाळी चुकवून, ऊसतोडीच्या हंगामात मजुरी बुडवून हे कुणाला परवडणार? म्हणून या भागासाठी सर्वांत मोठा शोध मेंदूच्या स्कॅनचा नाही. २०१८ मध्ये कॅनडातल्या ४१४ रुग्णांच्या चाचणीने सिद्ध केले की तीन मिनिटांचे थीटा बर्स्ट हे सत्र साडेसदतीस मिनिटांच्या जुन्या सत्राइतकेच गुणकारी आहे. एका कॉइलवर दिवसात पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त रुग्ण होऊ शकतात, तेही अंगठ्याचा उंबरठा आणि टेपची तीन मापे एवढ्या भांडवलावर. यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा की खेड्यातल्या रुग्णाला ढोबळ माप आणि शहरातल्याला सूक्ष्म, ही दुजाभावाची वागणूक झाली. सूक्ष्म माप जास्त गुणकारी असते तर हा आक्षेप मी मान्य केला असता. आजचा पुरावा तसे म्हणत नाही. उद्या म्हणू लागला, तर एमआरआयची मागणी बारामतीनेही तितक्याच जोराने करावी.

तो पुरावा तयार होण्यात मात्र बारामतीला जागा हवी. टोरांटोचे सहा, स्टॅनफर्डचे एकोणतीस, २०२३ चे दहा: आजच्या झळाळत्या खुणा एवढ्याशा मेंदूंवर उभ्या आहेत, आणि त्या यादीत नीरेच्या कालव्यावर राबणारे, पन्नाशीतच गुडघे गेलेले, आयुष्यात पहिल्यांदा मनोविकारतज्ज्ञापुढे बसलेले कुणी नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीतल्या बारा राज्यांतही महाराष्ट्र नव्हता. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकार विभागाने प्रत्येक ईसीटीला आकडीचे सेकंद, उंबरठ्याची वीज, आधीची आणि नंतरची स्मृती, आणि दोन आठवड्यांनी रुग्ण जेवतो का, झोपतो का, कामाला लागला का, एवढे एका वहीत नेमाने लिहिले, तर पाच वर्षांत या पट्ट्याची स्वतःची आकडेवारी उभी राहील. निम्हान्सने १९९९ मध्ये जे केले त्याला लागले होते एक ईईजी यंत्र आणि नोंदी ठेवण्याची शिस्त. ईईजी यंत्र आता जिल्ह्याच्या गावीही मिळते.